सँट्रो झिंग आणि १.१ आय-टेनचा टायमिंग बेल्ट घरी बदलायचा असेल तर

टाइमिंग चेन सैल झाली की बहुधा आधी खडखडते. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले वरचे-खालचे दांडे एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, तसं काही सांगत नाही, एके दिवशी सरळ तुटतो. ह्युंदाईच्या १०८६ सीसी, बारा व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनात, म्हणजे सँट्रो झिंग आणि १.१ लिटर आय-टेनमध्ये, बेल्ट तुटला की नुसती गाडी बंद पडून भागत नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हच्या झडपा उघडणारा वरचा दांडा, पुढे नुसता कॅम) जागीच थांबतो, क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा दांडा) मात्र वेगात असल्यामुळे आणखी काही फेरे घेतो, आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल तिथेच होतं.

१.२ लिटरच्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनाच्या आय-टेनमध्ये चेन आहे, त्या गाडीला हा लेख लागू नाही. आपल्या गाडीत कुठलं इंजिन आहे हे आरसी बुकावरच्या सीसीवरून कळतं: १०८६ असेल तर पुढे वाचा.

काम अवघड नाही, पण किचकट आहे. हात बसलेला मेकॅनिक अर्ध्या दिवसात मोकळा होतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवावेत आणि सोमवारी गाडी लागणारच आहे अशा आठवड्यात हात घालू नये. बहुतेक वेळ बेल्टपर्यंत पोचण्यात जातो. प्रत्यक्ष बेल्ट काढून नवा चढवायला तासभर पुरतो, आणि इंजिन वाचतं की बिघडतं ते त्या तासात ठरतं.

कधी बदलायचा

मालकपुस्तिकेत आपल्या वर्षाच्या मॉडेलसाठी दिलेला आकडा हाच खरा. पुस्तिका हरवली असेल किंवा गाडी जुनी घेतलेली असून आधीच्या मालकाने काय केलं ते माहीत नसेल, तर ६०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते धरावं. वर्षांकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाणारी गाडी १० वर्षांत ३०,००० किलोमीटरच फिरलेली असते आणि मालक निश्चिंत असतो, पण रबर धावलं नाही तरी म्हातारं होतं. पुणे-मुंबईच्या गर्दीत तासन् तास उभ्या उभ्या चालणारं इंजिनही मीटरवर दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त फिरलेलं असतं.

वरचं कव्हर थोडं सैल करून बेल्टची पाठ पाहता येते. बारीक भेगा, चकाकणारी पाठ, उसवलेल्या कडा किंवा तेलाचा ओलसरपणा दिसला तर वाट पाहू नका. मात्र बेल्ट दिसायला चांगला आहे म्हणून तो चांगलाच असेल असंही नाही, कारण दात मुळाशी फाटायला लागलेले वरून दिसत नाहीत.

सामान

टायमिंग बेल्ट, टेन्शनर पुली आणि टेन्शनरची स्प्रिंग या तीन वस्तू एकत्रच बदलायच्या. फक्त बेल्ट बदलून टेन्शनर जुनाच ठेवणं ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. त्या पुलीचं बेअरिंगही बेल्टइतकंच फिरलेलं असतं, आणि ते अडकलं की नवाकोरा बेल्ट त्याच्यावर घासून जातो.

सुटे भाग घेताना चॅसी नंबर सांगून घ्या. जुन्या सँट्रोचा, झिंगचा आणि आय-टेनचा बेल्ट एकच आहे असं काउंटरवरचा माणूस बिनधास्त सांगतो, त्यावर विसंबू नका. घरी आल्यावर नवा आणि जुना बेल्ट पाठीला पाठ लावून रुंदी बघा आणि दात मोजा. एकाही दाताचा फरक चालत नाही. मोबिसचा (ह्युंदाईचे अस्सल सुटे भाग पुरवणारी कंपनी) किंवा नावाजलेल्या बेल्ट कंपनीचा माल, तोही पक्क्या बिलावर घ्या. बनावट बेल्ट बाजारात सर्रास मिळतात. छपाई पुसट असेल, दातांवरचं कापड सुटं वाटत असेल तर परत करा. नवा बेल्ट कधीही घडी घालून, पिळून किंवा उलटा वळवून ठेवू नका. आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

शिवाय अल्टरनेटरचा बेल्ट, एसीचा बेल्ट आणि झिंगला पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा बेल्ट हे तिन्ही उतरवावेच लागतात. भेगा असतील तर याच वेळी नवे टाका. आय-टेनचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, तिथे हा तिसरा बेल्ट नाही. क्रँकचं पुढचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) आणि कॅमचं ऑइल सील आणून ठेवा, लागली नाहीत तर परत करता येतात. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर नसून बाहेरच्या अल्टरनेटर बेल्टवर चालतो, म्हणून तो दरवेळी बदलायलाच हवा असं नाही. पंपाची पुली हाताने हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा पंपाच्या खालच्या छिद्रापाशी कूलंटचा वाळलेला डाग असेल तरच हात घाला.

हत्यारांत १०, १२, १४ आणि १७ नंबरचे सॉकेट आणि रिंग पाने, क्रँकच्या बोल्टसाठी मोठा सॉकेट (१९ आणि २२ दोन्ही हाताशी असू द्या, डोक्यावर घट्ट बसेल तोच वापरा), लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा), स्पार्क प्लगचा पाना, टॉर्क रेंच (न्यूटन-मीटरमध्ये ठरवलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना), जॅक, किमान एक जॅक स्टँड, लाकडाची जाड फळी, व्हाईटनरची बाटली, छोटा आरसा आणि चांगली बॅटरी. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा. बाकी हत्यारांना पर्याय निघतो, याला नाही.

गाडी उभी करणं

जागा सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार किंवा पेव्हर ब्लॉकची भुसभुशीत जमीन नको. इंजिन पूर्ण थंड असावं. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओट (दगड किंवा लाकडाचे अडसर) लावा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पुढचं उजवं चाक, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं, उतरवायचं आहे. या गाड्यांत बेल्ट इंजिनाच्या त्याच टोकाला असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा, स्टँड द्या, आणि गाडी स्टँडवर टेकल्यावर एकदा हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक निघालं की मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं आवरण काढा. क्लिपा जुन्या असतात आणि तुटतात, चार-पाच जादा आणून ठेवा. आता क्रँकची पुली समोर दिसते. उंदरांनी आवरणामागे केलेलं घरटं मिळालं तर तिथल्या वायरिंगवर नीट नजर टाका, हे काम पुन्हा इतकं मोकळं दिसणार नाही.

बाहेरचे बेल्ट आणि इंजिनाचं फाउंडेशन

अल्टरनेटरचा बेल्ट अजून ताणलेला असतानाच वॉटर पंपाच्या पुलीचे १० नंबरचे चार बोल्ट अर्धा-पाऊण आटा सैल करून घ्या. बेल्ट उतरल्यावर पुली हातात फिरत राहते आणि बोल्ट सुटत नाहीत. मग अल्टरनेटर सैल करून बेल्ट काढा. एसी आणि स्टिअरिंगचे बेल्टही काढा. कुठला बेल्ट कुठून गेला होता याचा मोबाइलवर फोटो असू द्या. पंपाची पुली आता सुटी होते.

पुढे उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन, काढावं लागतं, कारण त्याचा ब्रॅकेट टायमिंग कव्हरच्या आड येतो. आधी इंजिनाखाली जॅक लावून त्याचं वजन पेला. जॅक आणि ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, यांच्या मध्ये जाड फळी हवीच. सम्प पातळ पत्र्याचा असतो. जॅकने त्याला पोचा पाडला तर तळाशी असलेल्या तेलाच्या जाळीला अडथळा होऊ शकतो, आणि तेव्हा बेल्टचं काम राहतं बाजूला. इंजिन उचलायचं नाही, फक्त टेकू द्यायचा. फाउंडेशनचे बोल्ट सुटताना इंजिन किंचितही खाली गेलं तर टेकू कमी आहे असं समजा.

फाउंडेशनचं रबर फाटलेलं असेल तर तेही आत्ताच बदलून घ्या. एवढं सगळं उघडलेलं असताना ते चार बोल्टांचं काम आहे, एरवी पुन्हा जॅकपासून सुरुवात.

क्रँकचा बोल्ट

चारही स्पार्क प्लग काढा. कॉम्प्रेशन निघून गेल्यामुळे इंजिन हाताने हलकं फिरतं, आणि पुढे कुठे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर हाताला लगेच जाणवतं. प्लगच्या खड्ड्यातली माती आधी फुंकून घ्या, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडणार नाही. खड्ड्यांवर स्वच्छ कापड टाकून ठेवा.

पुलीचा मधला बोल्ट १४० ते १५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने आणखी चिकटलेला असतो. गिअर पाचवा टाका, मदतनीसाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा, आणि लांब टॉमीने घड्याळाच्या उलट दिशेला झटका न देता वाढता जोर लावा. सॉकेट सहा कोनी असावा. बारा कोनी सॉकेट बोल्टचं डोकं गोल करतो. पुलीच्या अर्‍यांत पेचकस घालून अडकवण्याचा मोह होईल, पण पुली तुटते आणि हात चिरतो. टॉमी बॉडीला टेकवून स्टार्टर मारायची एक युक्ती गॅरेजमध्ये चालते. घरी ती करू नका. टॉमी सुटून आली तर लागते, आणि उघड्या इंजिनाला स्टार्टरने हिसका देणं बरं नव्हे.

बोल्ट सैल झाला की लगेच काढू नका. सैल करताना क्रँक थोडा उलटा गेलेला असतो, आणि खुणा जुळवण्यासाठी हाच बोल्ट धरून तो फिरवायचा आहे. गिअर न्यूट्रलला आणा.

खुणा

वरचं टायमिंग कव्हर काढा. आता क्रँक घड्याळाच्या दिशेनेच, उजव्या बाजूने इंजिनाकडे बघत, सावकाश फिरवा. पुलीवरची खाच खालच्या कव्हरवरच्या ‘टी’ या खुणेशी येऊन थांबली की पहिला पिस्टन, म्हणजे बेल्टच्या बाजूचा, सर्वांत वर असतो. पण क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक घेतो. म्हणून क्रँकची खाच जुळली तरी कॅमची खूण खाली असू शकते. तसं असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. कॅमच्या चाकावरची खूण सिलिंडर हेडवरच्या खुणेशी नेमकी समोरासमोर आली पाहिजे.

खुणा समोरून, त्याच पातळीवरून बघायच्या. मडगार्डवरून वाकून तिरकं पाहिलं तर एका दाताचा भास सहज होतो. आरसा धरा, किंवा मोबाइल सरळ समोर नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. कॅमच्या चाकावर एकाहून जास्त छिद्रं असतात आणि काजळी बसलेली असते, म्हणून रॉकेलच्या फडक्याने चाक आणि हेड दोन्ही पुसून घ्या.

आता बोल्ट आणि पुली पूर्ण काढा. पुली अडकली असेल तर दोन बाजूंनी सारखा दाब देऊन बाहेर काढा, हातोडा नको. खालचं कव्हर काढा. क्रँकच्या दातेरी चाकावरही एक खूण आहे आणि तिच्यासमोर ऑइल पंपाच्या पुढच्या केसवर दुसरी. पुली नसताना हीच जोडी खरी. क्रँकच्या चाकापुढे पत्र्याची गोल चकती असेल तर तिची वळलेली कड कुठल्या दिशेला होती ते पाहून ठेवा. ती उलटी बसली तर बेल्टची कड कापत राहते.

जुना बेल्ट चढलेला असतानाच व्हाईटनरने कॅमच्या चाकावर आणि बेल्टवर एक आडवी रेघ, क्रँकच्या चाकावर आणि बेल्टवर दुसरी रेघ ओढा. बेल्ट काढल्यावर या दोन रेघांमधले दात मोजून त्या रेघा नव्या बेल्टवर उतरवता येतात. कारखान्याच्या खुणा हा पहिला पुरावा, ह्या रेघा दुसरा. दोन्ही जुळले तरच पुढे जायचं. मात्र जुना बेल्टच आधी कुणी एक दात चुकवून बसवलेला असेल तर रेघा तीच चूक नव्या बेल्टवर नेतील. म्हणून मतभेद झाला तर कारखान्याच्या खुणेचं ऐकायचं.

बेल्ट काढणं आणि आतलं बघणं

टेन्शनर दोन बोल्टांवर बसतो. एक बिजागरीसारखा, ज्याच्याभोवती टेन्शनर फिरतो. दुसरा लांबट खाचेत सरकणारा. दोन्ही सैल करा, टेन्शनर बेल्टपासून दूर ढकला, खाचेतला बोल्ट तात्पुरता आवळा आणि बेल्ट बाहेर काढा.

या क्षणापासून नवा बेल्ट बसेपर्यंत क्रँक किंवा कॅम यातलं काहीही फिरवायचं नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या ताणामुळे कॅम स्वतःहून थोडा सरकू शकतो. तेवढा तो चाकाला धरून हलक्या हाताने परत खुणेवर आणता येतो. हाताला अडथळा लागला तर जोर करू नका. अशा वेळी क्रँक खुणेवरून थोडाच, साधारण तीन-चार दात, मागे घेऊन कॅम जुळवा आणि मग क्रँक परत खुणेवर आणा.

जुन्या टेन्शनरची पुली बोटाने फिरवून बघा. खरखर किंवा गुरगुर ऐकू आली तर बेल्ट नेमका कशाने मरणार होता ते कळेल. काढलेल्या बेल्टवर तेल असेल तर सील गळतंय. तेल खालच्या भागात साठलं असेल तर बहुधा क्रँकचं, वरच्या चाकामागून ओघळ आला असेल तर कॅमचं. तेल लागलेलं रबर फुगतं आणि दात सैल पडतात, त्यामुळे गळणारं सील तसंच ठेवून नवा बेल्ट चढवणं म्हणजे तोच खर्च लवकरच पुन्हा करणं.

क्रँकच्या सीलसाठी दातेरी चाक ओढून काढावं लागतं. त्याची छोटी चावी (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) हरवू नका. जुनं सील उकरताना शाफ्टवर ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार, म्हणून पेचकसाच्या टोकाला टेप गुंडाळा. नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा आणि त्याच व्यासाच्या सॉकेटने चौफेर सारखं ठोकून आत बसवा. कॅमच्या सीलसाठी कॅमचं चाक काढावं लागतं. त्याचा बोल्ट ८० ते १०० न्यूटन-मीटरचा आहे आणि तो सोडवताना चाक छिद्रांत अडकणाऱ्या धारकाने धरायचं असतं. बेल्टने अडवून हा बोल्ट सोडवू नका, दात कापले जातात. कॅमचं सील कोरडं असेल तर त्याला हातही लावू नका. सगळी जागा कोरड्या फडक्याने पुसा. ब्रेक क्लीनर थेट सीलवर मारू नका.

नवा बेल्ट आणि टेन्शनर

नवा टेन्शनर लावा, नवी स्प्रिंग तिच्या दोन्ही टोकांना नीट अडकवा. टेन्शनर बेल्टपासून जितका दूर जातो तितका नेऊन खाचेतला बोल्ट हलकाच आवळा. खुणा पुन्हा एकदा बघा, वरची आणि खालची दोन्ही.

बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. आधी क्रँकच्या चाकावर, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने वर ताणत कॅमच्या चाकावर, आणि शेवटी टेन्शनरवर. टेन्शनर नसलेली बाजू तारेसारखी सरळ ताणलेली हवी. सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला गेला पाहिजे, कारण टेन्शनर फक्त त्याच बाजूचा सैलपणा घेतो. ताणलेल्या बाजूला अर्ध्या दाताचा जरी सैलपणा राहिला तर टेन्शनर सुटताच कॅम तेवढा फिरतो आणि खूण एका दाताने चुकते. सर्वांत जास्त वेळा गाडी इथेच बिघडते. बेल्ट बोटांनीच चढवायचा, पेचकसाने ढकलून नाही.

आता दोन्ही बोल्ट सैल करा. स्प्रिंग टेन्शनरला बेल्टवर दाबते. ताण स्प्रिंगनेच ठरवायचा. हाताने किंवा टॉमीने टेन्शनर आणखी दाबला की बेल्ट जादा ताणला जातो आणि कॅमच्या बाजूने शिट्टीसारखा आवाज येतो. आधी खाचेतला बोल्ट आवळायचा, नंतर बिजागरीचा. हा क्रम उलटा झाला तर बिजागरीचा बोल्ट आवळताना टेन्शनर स्वतःच त्याच्यासोबत फिरतो आणि ताण वाढवतो. दोन्ही बोल्ट २० ते २७ न्यूटन-मीटर.

क्रँकचा बोल्ट एका जाड वायसरसह हाताने घालून, घड्याळाच्या दिशेनेच, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. फिरवताना प्रत्येक अडथळ्यावर थांबा. प्लग काढलेले असताना इंजिन हलकं फिरलं पाहिजे. अचानक घट्ट लागलं तर जोर लावू नका, तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा इशारा आहे. तिथेच थांबून खुणांपासून पुन्हा सुरुवात करायची. दोन फेऱ्यांनंतर क्रँकची आणि कॅमची खूण दोन्ही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. व्हाईटनरच्या रेघा मात्र आता बेल्टवर वेगळ्याच जागी गेलेल्या असतील. बेल्टच्या दातांची संख्या चाकांच्या दातांच्या पटीत नसते, म्हणून घाबरू नका.

त्यानंतर दोन्ही बोल्ट पुन्हा सैल करून स्प्रिंगला एकदा बेल्ट नव्याने ताणू द्या, पुन्हा खाचेतला आधी, मग बिजागरीचा. पहिल्या फेऱ्यांत बेल्ट चाकांवर नीट बसतो आणि थोडासा ताण उतरतो, त्याची ही भरपाई. मग आणखी दोन फेरे आणि खुणांची शेवटची तपासणी. ताण ठीक आहे का हे बघायला टेन्शनरजवळची बाजू साधारण ५ किलोच्या दाबाने आत दाबतात. तेव्हा बेल्टच्या दाताचं टोक टेन्शनरच्या बोल्टच्या डोक्याच्या मध्यापासून, त्या डोक्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर यायला हवं. मोजपट्टी लावायची गरज नाही. दात तिथपर्यंत पोचलाच नाही तर बेल्ट फार घट्ट, पार मध्यावर गेला तर सैल.

इथे घाई करणाऱ्यांपैकी बरेच जण हे फेरे गाळून थेट चावी फिरवतात. एक दात चुकलेलं इंजिन बहुतेक वेळा सुरू होतं, आयडलिंग खडबडीत असतं, चढाला दम लागतो, मायलेज पडतं, आणि माणूस आठवडाभर इंजेक्टर आणि प्लग बदलत बसतो. दोन-तीन दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकायची वेळ येते, आणि ती पहिल्याच स्टार्टरच्या झटक्यात येते.

परत जोडणं

पत्र्याची चकती, खालचं कव्हर, पुली. क्रँकचा बोल्ट आतल्या आट्यांतली माती पुसून १४० ते १५० न्यूटन-मीटरने आवळा. पुन्हा पाचवा गिअर आणि मदतनीसाचा पाय ब्रेकवर. हा बोल्ट अंदाजाने आवळू नका. कमी आवळलेली पुली चावीवर डुगडुगते, चावी आणि क्रँकचं टोक दोन्ही झिजतात, आणि क्रँक बदलण्याइतकं काम निघतं. कव्हरचे छोटे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरचे आहेत, त्यांना हाताच्या मनगटाएवढाच जोर. कव्हर दोन्ही कडांना नीट बसलं पाहिजे. फट राहिली की पावसाळ्यात चाकाने उडवलेलं चिखलपाणी थेट बेल्टवर जातं.

फाउंडेशन लावताना आधी सगळे बोल्ट हाताने पकडवून घ्या, मगच आवळा. इंजिन थोडं वर-खाली करून भोकं जुळवावी लागतात. बोल्ट तिरका घालून आटे मारले तर अॅल्युमिनिअमचे आटे लगेच जातात. फाउंडेशन पूर्ण आवळल्याशिवाय खालचा जॅक काढायचा नाही. वॉटर पंपाची पुली हाताने लावून ठेवा, अल्टरनेटरचा बेल्ट ताणल्यावर तिचे बोल्ट आवळा. प्लग आधी हाताने आटे पकडेपर्यंत, मग पान्याने.

पहिला स्टार्ट

हत्यारं, फडकी, जुनी पुली सगळं मोजून बाजूला काढलं आहे ना, ते बघा. बॅटरी जोडा. मडगार्डचं आवरण अजून लावू नका, म्हणजे आवाज कुठून येतो ते ऐकता येईल.

इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात आयडलिंग थोडं वरखाली होईल, बॅटरी काढल्यामुळे. तेवढं चालतं. कव्हरमधून टकटक येत असेल तर बेल्ट सैल आहे. वेग वाढवल्यावर वाढणारी शिट्टी आली तर तो घट्ट आहे. सुसकारा किंवा चिरका आवाज बाहेरच्या बेल्टचा असू शकतो. त्यावर थोडं पाणी शिंपडून आवाज बदलतो का बघा. धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज आला की त्याच सेकंदाला चावी बंद. पुन्हा सुरू करून ‘एकदा ऐकून बघूया’ करायचं नाही.

सगळं ठीक असेल तर आवरण, चाक लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर ९० ते ११० न्यूटन-मीटरने, एकाआड एक. इंजिन गरम होईपर्यंत १०-१५ मिनिटं चालू ठेवून सीलपाशी तेल आणि पंपाशी कूलंट दिसतं का पाहा. साधारण ५०० किलोमीटरनंतर अल्टरनेटरचा आणि एसीचा बेल्ट पुन्हा ताणून घ्या, नवे बेल्ट थोडे सैल होतात. टायमिंग बेल्टला मात्र पुन्हा हात लावायचा नसतो. तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलेला स्टिकर बोनेटच्या आत चिकटवा.

बेल्ट आधीच तुटलेला असेल तर

चालत्या गाडीत बेल्ट तुटला असेल तर वरची कृती तशीच करू नका. नवा बेल्ट बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर हेड उतरवणं ठरलेलं आहे. सहज फिरलं तरी व्हॉल्व्ह शाबूत आहेत असं समजू नये, कारण थोडासा वाकलेला व्हॉल्व्ह हाताला अडत नाही, फक्त नीट बंद होत नाही. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा इतरांपेक्षा १ किलोहून (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह वाकले आहेत असं धरून हेड काढायलाच लागेल. गेज नसेल तर गॅरेजमध्ये हवेच्या दाबाने गळती तपासून घ्या. आवाज एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या तोंडाशी आला तर इनटेकचा. हेड घरी काढायचं काम या लेखात बसत नाही. हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंगसाठी ते मशीन शॉपलाच द्यावं लागतं.